रिकाम्या फाईलचा गुन्हा

काकांनी फोनवर सांगितलं की घरातल्या कॉम्प्युटरवर व्हायरसची साथ आली होती आणि ती त्यांनी एकट्यानं आटोक्यात आणली. मग काकूनं त्यांच्या हातून फोन घेतला.

"तू जरा येऊन जा गं. माझं भूमितीचं पुस्तक नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"काल होतं, आज नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, ते पुस्तक नव्हतंच."

काकू अंधशाळेसाठी ब्रेल पुस्तकं तयार करते. छापील पुस्तक डाव्या हाताला उघडं ठेवायचं आणि कीबोर्डवरच्या सहा बटणांनी, एकेका ठिपक्याला एकेक बटण, अक्षर न् अक्षर टाकत जायचं. एका अक्षराची सगळी बटणं एकदम दाबायची, पेटीवर सूर धरावेत तशी. तिच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर ठिपके उमटतात आणि ते ती डोळ्यांनी वाचते. तीच फाईल दुसऱ्या कुठल्या साध्या प्रोग्रॅममध्ये उघडली तर स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, टिंबं आणि सुट्ट्या अक्षरांचा खच दिसतो. कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखा. भूमितीचं पुस्तक तिनं उन्हाळ्यात हाती घेतलं होतं आणि शेवटचं प्रकरण परवा संपवलं होतं. शाळेतल्या नववीच्या मुली तोवर भूमिती नुसती ऐकत होत्या. वर्तुळाला स्पर्शिका कुठे टेकते हे ऐकून समजत नाही. बोटाखाली यावं लागतं. शाळेचं ठिपके उठवणारं यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी काकूसाठी मोकळं होतं आणि त्यानंतर दुरुस्तीला जाणार होतं. कधी परत येईल ते यंत्रवाल्यालाही माहीत नव्हतं.

मी पोचले तेव्हा काका कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि काकू त्यांच्या मागे उभी होती. कॉम्प्युटर शिवणाच्या जुन्या टेबलावर असतो. खाली मशीनचं पायडल अजून तसंच आहे आणि विचार करताना काका ते हलवतात. त्या वेळी ते जोरात हलत होतं.

"या, शास्त्रज्ञ," काका म्हणाले. "उशीर केलात. गुन्हेगार मेले."

काकांची सगळी नोकरी बसमध्ये तिकीट तपासण्यात गेली. त्या नोकरीत त्यांनी माणसांचे दोनच प्रकार पाहिले: पकडलेले आणि अजून न पकडलेले. जो तपासनीस जास्त पकडेल तो चांगला, हे त्यांना साहेबांनी शिकवलं आणि त्यांनी ते मनापासून घेतलं. निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरलं नाही. घरात एकटी काकू, आणि ती सापडत नाही.

अशा रिकाम्या हातांमध्ये 'रक्षक' नावाचा अँटीव्हायरस येऊन पडला.

तो कुठून आला हे मी विचारलं. काका गुडघेदुखीवरचे व्यायाम शोधत होते. मध्येच पडद्यावर लाल चौकट आली: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, मोफत तपासणीसाठी इथे दाबा. काकांनी दाबलं. तपासणी करणाऱ्याला परवानगी नाकारणं त्यांच्या रक्तात नाही. मग त्यानं सांगितलं की कॉम्प्युटरबरोबर आलेलं जुनं संरक्षण आपल्या कामात आडवं येतं, ते बंद करा. तेही केलं.

"म्हणजे एक अनोळखी माणूस दारात आला, म्हणाला तुमच्या घरात चोर आहेत, मला आत घ्या आणि तुमचा पहारेकरी घालवून द्या. आणि तुम्ही दिला घालवून."

"तो पहारेकरी कधी काही बोलायचाच नाही," काका म्हणाले. "इतकी वर्षं घरात होता, एक चोर दाखवला नाही. ह्यानं पहिल्याच दिवशी चौतीस धरले."

त्यांनी पडद्यावर 'रक्षक'ची खिडकी उघडून दाखवली. मधोमध सोनेरी कडा असलेली ढाल, तिच्यावर पदक, पदकाखाली 'जगात सर्वप्रथम' असं लिहिलेलं. कोणत्या स्पर्धेत, कोणी दिलं, काही नाही. खाली वापरणाऱ्यांची मतं होती. एका गृहिणीचं, एका वकिलाचं, एका डॉक्टरचं. तिघंही अगदी एकाच शब्दांत भारावले होते आणि तिघंही एकाच जागी टिंब द्यायला विसरले होते. कंपनीचा पत्ता शोधला तर एक संपर्काचा तक्ता निघाला. तो भरला की तोच तक्ता पुन्हा कोरा होऊन समोर यायचा.

"काका, हे कोणी बनवलंय?"

"ते महत्त्वाचं आहे का? बस कोणी बनवली हे मी कधी विचारलं नाही."

"पण ड्रायव्हर कोण आहे हे तर बघत होतात."

"फुकट आहे म्हणून नावं ठेवतेस तू. तुमच्या पिढीला पैसे मोजल्याशिवाय विश्वासच बसत नाही."

"तुम्ही बंद केलेलंही फुकटच होतं."

ह्यावर काकांनी पायडल हलवलं. काकू मागून म्हणाली, "तुमचं झालं की माझ्या पुस्तकाकडे वळू या का?"

पुस्तकाचं झालं ते असं. सकाळी 'रक्षक'नं काकूच्या फोल्डरमधली सगळी प्रकरणं 'अतिशय घातक' म्हणून धरली. काका निदान इतके न्यायी होते की त्यांनी शिक्षेआधी एक आरोपी उघडून पाहिला. साध्या प्रोग्रॅममध्ये. समोर आला स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हांचा खच.

"एक शब्द धड नव्हता," काका म्हणाले. "मी सुशिक्षित माणूस आहे. मला वाचता येत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्हाला ब्रेल येत नाही," काकू म्हणाली.

"अगं, ब्रेल ठिपक्यांचं असतं. तिथे ठिपके कुठे होते?"

काकूनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या त्या नजरेत लग्नाची सगळी वर्षं होती. तर सकाळी तो खच पाहून काकांनी 'सर्व नष्ट करा' दाबलं होतं, पडद्यावर छोटे फटाके फुटले होते आणि 'अभिनंदन' आलं होतं.

"प्रत ठेवली होतीस ना, काकू? पेनड्राइव्हवर?"

"ठेवली होती."

"होती?"

"रोग तिथेही पसरलेला असणार हे उघड आहे," काका म्हणाले. "म्हणून तोही लावून तपासला."

ह्या माणसाच्या हाती एखादा दवाखाना लागला असता तर त्यानं रोग्यांची साथ एका दुपारीत संपवली असती.

नष्ट झालेल्या फाईली परत आणण्यासाठी 'रक्षक'मध्येच एक बटण होतं. त्याला कुलूप होतं. कुलपावर बोट नेलं की 'संपूर्ण आवृत्ती विकत घ्या' यायचं. काकू ताबडतोब म्हणाली, "घेऊन टाकू. उद्या सकाळी मुली वाट बघतील." मी तिला थांबवलं आणि इंटरनेटची वायर काढली. घर लुटणाऱ्याच्या हातात कपाटाची किल्ली द्यायला इतकी घाई नको.

"आधी हे सांगा," मी काकांना म्हटलं, "ह्याच्यावर तुमचा विश्वास कशावरून?"

"पकडतो म्हणून."

"बरोबर माणसाला पकडतो कशावरून?"

"पकडला ना? मग?"

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी एक गोष्ट शिकवतात, आणि तीही बहुतेकांना पटत नाही. पाण्यात शिसं आहे का हे मोजायचं असेल तर आधी यंत्राला शुद्ध पाणी द्यायचं. त्याला कोरा नमुना म्हणतात. कोऱ्या नमुन्यातही यंत्रानं शिसं दाखवलं तर शिसं पाण्यात नसतं, यंत्रात असतं. हे काकांना सांगून उपयोग नव्हता, म्हणून करून दाखवायचं ठरवलं.

मी एक नवी फाईल तयार केली. आत एकही अक्षर टाकलं नाही. काकूच्या फाईलींच्या नावापुढे टिंब आणि तीन अक्षरांचं जे शेपूट असतं ते तिला लावलं आणि काकांना उघडून दाखवली.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"नीट बघा. एखादा स्वल्पविराम?"

"काही नाही म्हटलं ना. कोरी आहे."

"लावा तुमच्या साहेबांना कामाला."

'रक्षक'ची ढाल गरगर फिरली. सायरनसारखा आवाज झाला. लाल चौकट: अतिशय घातक, तुमचे खासगी व्यवहार चोरीला जाण्याची शक्यता.

काकू हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच. काका हसले नाहीत. ते थोडा वेळ कोऱ्या फाईलकडे संशयानं बघत राहिले.

"रिकामी आहे हेच चमत्कारिक नाही का?" ते म्हणाले. "माझ्या अनुभवात रिकाम्या हातानं बसमध्ये चढणारा माणूस पहिला बघावा लागतो. पिशवी नाही, डबा नाही. चालला कुठे?"

"काका, ही फाईल तुमच्यासमोर मी बनवली."

"तुझ्यावर संशय नाही माझा. फाईलवर आहे."

मी दुसरा प्रयोग केला. खऱ्या अँटीव्हायरसची परीक्षा घेण्यासाठी एक अक्षरांची ओळ ठरलेली आहे. ती कुणाचं काही बिघडवत नाही. फक्त सगळ्या प्रामाणिक अँटीव्हायरसनी ती पाहिली की ओरडायचं असा त्यांच्यातला संकेत आहे, म्हणजे पहारेकरी जागा आहे की नाही ते कळतं. ती ओळ मी एका फाईलमध्ये लिहिली आणि 'रक्षक'समोर ठेवली. ढाल फिरली, हिरवी झाली, 'सुरक्षित' म्हणाली.

"म्हणजे रिकाम्या फाईलला फाशी, आणि ज्याला ओळखणं हीच परीक्षा त्याला सलाम," मी म्हटलं.

काकांनी मला त्या ओळीचं सगळं नीट सांगायला लावलं. ती निरुपद्रवी आहे हे दोनदा विचारून घेतलं. मग खुर्चीत मागे टेकले.

"निरुपद्रवी आहे हे त्यानं ओळखलं. म्हणून सोडली. बाकीचे उगाच ओरडतात. हुशार आहे."

मूर्खपणा इतका सगळ्या बाजूंनी बंद असला की त्याला एक प्रकारचा भक्कमपणा येतो. त्याच्यावर पुराव्यानं डोकं आपटून आपलंच कपाळ फुटतं. मी काकांना पटवायचा नाद सोडला. काकू तोवर घड्याळाकडे बघायला लागली होती आणि तिनं छापील भूमिती कपाटातून काढून पहिलं पान उघडलं होतं. पुन्हा पहिल्यापासून टाकायला बसायची तिची तयारी चालली होती. एका संध्याकाळीत ते होणार नव्हतं हे तिला माहीत होतं, तरी तिनं चष्मा पुसला.

तिचं ते चष्मा पुसणं पाहून मला 'रक्षक'चा खरा राग आला. आणि राग आला की मी शंका घेते, ही एक बरी सवय आहे. ह्याचं ढालीवरचं पदक खोटं, मतं खोटी, पकडणं खोटं, सोडणं खोटं. मग नष्ट करणं तेवढं खरं कशाला असेल?

"काका, अजून एक पकडून द्याल का?"

ते लगेच पुढे सरकले.

मी माझ्या फोनमधला एक लांबलचक व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला, चांगला जड, आणि त्यालाही तेच तीन अक्षरांचं शेपूट लावलं. कॉम्प्युटरवर किती जागा मोकळी आहे तो आकडा कागदावर लिहून ठेवला. 'रक्षक'नं व्हिडिओ धरला, सायरन वाजला, काकांनी बोट उंच नेऊन 'सर्व नष्ट करा' दाबलं, फटाके फुटले.

"आता बघा. एवढी मोठी वस्तू नष्ट झाली म्हणजे तितकी जागा मोकळी व्हायला हवी."

आम्ही तिघांनी आकडा पाहिला. होता तिथेच होता.

"जागा वाढली नाही," काकू म्हणाली. तिनं पुस्तक मिटलं, आत बोट ठेवून. "मग गेलं कुठे ते?"

"कुठेच गेलं नाही. वस्तू अशी नाहीशी होत नसते, काकू. ह्यानं नुसती नजरेआड केलीय."

लपवलेली फोल्डरं दाखवण्याची एक सोय प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये असते. ती चालू केल्यावर 'रक्षक'च्या स्वतःच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर दिसलं. आत सगळे कैदी होते. माझा व्हिडिओ. कोरी फाईल. पेनड्राइव्हवरून आणलेल्या प्रती. आणि पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत भूमिती. त्यानं त्यांना कुलूपही लावलं नव्हतं. फक्त नावं बदलून आकडे दिले होते आणि फोल्डर लपवलं होतं. मेल्याचं सांगून माळ्यावर बसवलं होतं सगळ्यांना, आणि मोक्षासाठी आपल्याकडून दक्षिणा उकळणार होता. धड लुच्चेगिरीही ह्याला जमत नव्हती. थोडी मेहनत घेऊन त्यानं फाईली खरोखर पुसल्या असत्या तर त्या काकूला कधीच मिळाल्या नसत्या. नववीच्या मुलींची भूमिती वाचली ती ह्याच्या आळसामुळे.

मी एका आकड्याला जुनं शेपूट परत लावलं आणि काकूच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं. पडद्यावर ठिपके उमटले. काकू माझ्या खांद्यावरून वाकली आणि ओठ न हलवता वाचत गेली.

"त्रिकोणाची एकरूपता," ती म्हणाली. "हे तिसरं प्रकरण. पुढचं उघड."

आम्ही एकेक उघडत गेलो. प्रत्येक वेळी ती पहिली ओळ वाचायची, प्रकरणाचं नाव सांगायची, मी नाव लिहून फाईल तिच्या फोल्डरमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवायचे. वर्तुळाच्या प्रकरणाशी ती जरा जास्त थांबली. "स्पर्शिका इथे आहे," म्हणाली, आणि पडद्याला बोट लावलं, जसं काही तिलाही ते बोटानंच कळतं.

काकांचं पायडल थांबलं होतं.

"म्हणजे मी जेवढे मारले," ते म्हणाले, "ते सगळे आत जिवंत?"

"सगळे."

"एकही नाही मेला?"

"एकही नाही."

"कालचेही?"

"तुमचे गुडघ्याचे व्यायाम पण आहेत इथे, काका. तुम्ही उतरवून घेतलेत आणि संध्याकाळी ठार केलेत."

त्यांनी ते फोल्डर स्वतः वर-खाली करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप मी शोधला. विज्ञानाच्या पद्धतीनं, पूर्वग्रह न ठेवता शोधला. नव्हता. फसवलं गेल्याचं दुःख होतं, तेही आकड्यांपुरतं.

मग मी परीक्षेच्या ओळीची फाईल पुसून टाकली, काकांनी बंद केलेलं जुनं संरक्षण पुन्हा चालू केलं, इंटरनेट जोडून त्याची ताजी माहिती आणू दिली आणि पूर्ण तपासणीला लावलं. त्याला वेळ लागला. ढाल नाही, सायरन नाही, एक पट्टी हळूहळू भरत गेली. तोवर काकूनं आमच्यासाठी चहा टाकला आणि पेनड्राइव्ह माझ्या हातातून काढून स्वतःच्या कमरेला खोचला. काका चहा न पिता पट्टीकडे बघत राहिले. त्यांना निकालाची उत्सुकता होती. हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

निकाल आला. कॉम्प्युटरवर एक धोका सापडला. त्याचं नाव: रक्षक.

काकांनी वाचलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं.

"एकच?"

"एकच."

"एवढा वेळ लावून?" त्यांच्या आवाजात जो तिरस्कार होता तो मी दिवसभरात 'रक्षक'साठी त्यांच्याकडून मागत होते आणि मला मिळाला नव्हता. "आमच्या वेळी एक पकडून डेपोत परत गेलो असतो तर साहेबांनी उभं केलं नसतं."

"होताच एक," काकू म्हणाली. "तो तुम्ही आणलात."

'काढून टाका' कोणी दाबायचं असा प्रश्न आला. मी माउस काकांकडे सरकवला. त्यांनी दाबलं. फटाके फुटले नाहीत. 'रक्षक'ची ढाल कोपऱ्यातून गेली, मोकळ्या जागेचा आकडा वाढला, आणि तो मी काकांना मुद्दाम दाखवला.

"ह्याला म्हणतात मेला."

"बोलत का नाही हे काही?" कोपऱ्यातल्या लहानशा चिन्हाकडे बघून त्यांनी विचारलं. "काम करतंय हे कळायचं कसं?"

"काकूचं पुस्तक जागेवर आहे, ह्यावरून."

ते त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्यांनी चिन्हावर एकदा दाबून पाहिलं. 'सध्या कोणतीही कृती आवश्यक नाही,' असं उत्तर आलं. काकांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि अपमान झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"उठा आता," काकू म्हणाली. "मला पानांचे आकडे घालायचेत. सकाळी यंत्र आहे."

काका उठले. काकू खुर्चीत बसली, सहा बोटं सहा बटणांवर ठेवली आणि पहिलं प्रकरण उघडलं. काका तिच्या मागे उभे राहिले, हात पाठीशी, बसच्या मधल्या वाटेत उभे राहत असतील तसे. थोड्या वेळानं ते वाकले.

"ह्या ओळीत एक ठिपका कमी नाही का?"

"नाही," काकू म्हणाली. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.